एकट्या न्यायमूर्तीमुळे देशाचा कायदा खरंच बदलतो का?

चर्चगेट_स्लो

एलएलबीच्या घटनात्मक कायद्याच्या पेपरची तयारी चालू आहे. क्लासच्या नोट्स उघडल्या की ठरावीक वाक्यं भेटतात: 'न्या. खन्नांनी घटना वाचवली', 'न्या. गजेंद्रगडकरांनी ५० टक्क्यांची मर्यादा घातली', 'न्या. भगवतींनी जनहित याचिका आणली'. मूळ निकालपत्र उघडलं की मात्र हे एकेरी श्रेय कुठेच सापडत नाही. केशवानंद भारती खटल्यात (संसद घटना कितपत बदलू शकते हा प्रश्न) तेरा न्यायमूर्ती आणि अकरा निकालपत्रं. मग एकाचंच नाव कसं चिकटतं?

दुसरं असं की संसद घटनादुरुस्ती करून निकाल फिरवू शकते. तसं असेल तर न्यायमूर्तीचा प्रभाव नेमका शोधायचा कुठे? शक्य असेल तर महाराष्ट्राशी संबंधित उदाहरणं द्या. परिच्छेद क्रमांक दिलेत तर आणखी उत्तम.

परिच्छेद ८१०

तुमच्या तीन वाक्यांपैकी मधलं घेऊ. आख्खं यंत्र त्यात उघडं दिसतं.

म्हैसूर सरकारने ३१ जुलै १९६२ रोजी इंजिनिअरिंग आणि मेडिकल प्रवेशांसाठी आदेश काढला. मागासांना २८ टक्के, अतिमागासांना २२, अनुसूचित जातींना १५, जमातींना ३. बेरीज ६८. बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो त्याच वर्षी सप्टेंबरात रद्द केला आणि निकालपत्र लिहिलं गजेंद्रगडकरांनी. त्यांचा मुख्य राग दोन गोष्टींवर होता. मागासपण ठरवायला जात हाच काय तो निकष धरला होता, आणि आकडा घटनेच्या हेतूशी विसंगत होता. योग्य आकडा कोणता हे नक्की सांगायला त्यांनी निकालपत्रातच अनुत्सुकता दाखवली आहे. त्यानंतर येतं ते प्रसिद्ध वाक्य. त्याचा आशय असा: सर्वसाधारणपणे, ढोबळमानाने बोलायचं तर अशी तरतूद ५० टक्क्यांहून कमी असावी, किती कमी, ते त्या त्या वेळची परिस्थिती ठरवील.

'ढोबळमानाने' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो हरवणार आहे. शिवाय हा खटला कॉलेज प्रवेशांचा होता, म्हणजे कलम १५(४) चा. नोकऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

पुढच्याच वर्षी देवदासन खटला आला आणि तो नोकऱ्यांचा होता. न भरलेल्या राखीव जागा पुढच्या वर्षांत ओढत नेल्यामुळे ४५ पैकी २९ जागा राखीव झाल्या होत्या. चार विरुद्ध एक अशा मताने तो नियम गेला, आणि बालाजीतलं वाक्य प्रवेशांवरून नोकऱ्यांवर आलं. एकटे सुब्बा राव विरोधात होते. १९७५ च्या थॉमस खटल्यात कृष्ण अय्यर आणि फझल अली यांनी ५० हा आकडा बंधनकारक मानायलाच नकार दिला. म्हणजे तेरा वर्षांनंतरही आकडा डगमगतच होता.

तो पक्का झाला १६ नोव्हेंबर १९९२ रोजी, इंद्रा साहनी खटल्यात. पीठ नऊ जणांचं, विभागणी सहा विरुद्ध तीन, आणि मुख्य निकालपत्र जीवन रेड्डींचं. परिच्छेद ८०९ आणि ८१० स्वतः वाचा. तिथे ५० टक्के हा 'नियम' झाला. अपवाद ठेवला तो 'असाधारण परिस्थिती'चा आणि उदाहरण दिलं ते दूरदूरच्या, मुख्य प्रवाहाबाहेरच्या प्रदेशांचं. आधाराला घटना समितीतलं आंबेडकरांचं ३० नोव्हेंबर १९४८ चं भाषण घेतलं, आरक्षण अल्पसंख्य जागांपुरतंच असावं असं त्यांनी म्हटलेलं.

आता गंमत बघा. बालाजीमध्ये ५० च्या मर्यादेमागचा तर्क असा होता की आरक्षण हा समानतेच्या नियमाला अपवाद आहे, आणि अपवादाने नियम गिळू नये. आरक्षण हा अपवाद नाही, समानतेचंच एक रूप आहे, असं इंद्रा साहनीने स्पष्ट सांगितलं. मागास आणि अतिमागास असा भेद करता येत नाही हे बालाजीतलं मतही फेटाळलं. घराचे दोन खांब काढले, पण छप्पर जागच्या जागी. माझ्या मते गजेंद्रगडकरांचा खरा प्रभाव हा आहे: कारण गेलं तरी आकडा उरला.

त्याहून पुढची पायरी २००० सालची. ८१ व्या घटनादुरुस्तीने कलम १६(४ब) घातलं. अनुशेषाच्या, म्हणजे आधीच्या वर्षांत न भरलेल्या राखीव जागा त्या वर्षीच्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेत मोजू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे न्यायमूर्तींच्या लेखणीतून आलेली मर्यादा संसदेने स्वतःच्या हाताने घटनेच्या मजकुरात आणून बसवली. तीही ती सैल करताना!

महाराष्ट्राचं सांगायचं तर २०१८ च्या कायद्याने मराठा समाजाला १६ टक्के दिले. आधीचे ५२ होतेच. बेरीज पुन्हा ६८, अगदी म्हैसूरचाच आकडा. मुंबई हायकोर्टाने २७ जून २०१९ रोजी कायदा टिकवला, पण शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांपर्यंत खाली आणून. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ५ मे २०२१ रोजी तोही रद्द केला. राज्याने दाखवलेली परिस्थिती 'असाधारण' ठरत नाही, आणि इंद्रा साहनी मोठ्या पीठाकडे फेरविचारासाठी पाठवायची गरज नाही, असं म्हणून. सगळा युक्तिवाद परिच्छेद ८१० मधल्या त्या एका शब्दाभोवती फिरला. दूरच्या प्रदेशांचं उदाहरण म्हणजेच व्याख्या, की ते नुसतं उदाहरण?

कलमकसाई

वरचा प्रतिसाद झकास. फक्त 'एकाचंच नाव का चिकटतं' याचं उत्तर राहिलं. ते मतमोजणीत आहे.

केशवानंद, २४ एप्रिल १९७३, ७ विरुद्ध ६. सगळे हेच पाठ करतात आणि इथेच फसतात. सात जणांनी एकच गोष्ट म्हटलेली नाही. निकालपत्रं घेऊन वहीवर तीन रकाने पाडा. पहिल्यात सिक्री, शेलट, हेगडे, ग्रोव्हर, जगनमोहन रेड्डी, मुखर्जी. यांच्या मते संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला घटनेतच गर्भित मर्यादा आहेत. दुसऱ्यात रे, पालेकर, मॅथ्यू, बेग, द्विवेदी, य. वि. चंद्रचूड. यांच्या मते अशा मर्यादा नाहीत. तिसऱ्या रकान्यात एकटे खन्ना. गर्भित मर्यादांची कल्पना त्यांना मान्य नव्हती. पण 'दुरुस्ती' या शब्दाच्या अर्थातच जुनी घटना टिकून राहणं येतं, तेव्हा दुरुस्तीच्या नावाखाली तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असं ते म्हणाले. सहा इकडे, सहा तिकडे, आणि मधला माणूस जे म्हणाला तेवढाच सामाईक भाग. म्हणून नाव खन्नांचं. तत्त्वज्ञान सर्वांत खोल होतं म्हणून नव्हे, ते मधोमध उभे होते म्हणून.

निकालाच्या शेवटी 'बहुमताचे मत' म्हणून एक छोटा सारांश जोडला आहे. त्यावर तेरापैकी नऊ जणांच्याच सह्या आहेत. रे, मॅथ्यू, बेग आणि द्विवेदी यांनी सही केली नाही. पालेकर आणि चंद्रचूड विरोधी बाजूचे असूनही त्यांनी केली. परीक्षेत हे लिहिलंत तर तपासणारा नक्की थांबेल.

पण खरी कलाटणी १९७३ मध्ये नव्हे, १९७५ मध्ये आहे. इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या अपिलात ३९ व्या दुरुस्तीचं कलम ३२९अ (पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारं) तपासलं गेलं. पाचांचं पीठ: रे, खन्ना, मॅथ्यू, बेग, चंद्रचूड. यातले चार केशवानंदमध्ये हरलेल्या बाजूचे. तरीही ७ नोव्हेंबर १९७५ रोजी त्या कलमाचा चौथा खंड रद्द झाला आणि मोजमाप केशवानंदचंच वापरलं गेलं. चंद्रचूडांनी तर १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्समध्ये ४२ व्या दुरुस्तीची दोन कलमं याच तत्त्वावर रद्द करणारं बहुमताचं निकालपत्र लिहिलं. हरलेला न्यायमूर्ती जेव्हा जिंकलेल्याचं वाक्य वापरायला लागतो तेव्हा तो कायदा होतो. तोवर ते एका माणसाचं मत.

अवांतर: केशवानंदमध्ये याचिकेच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई. दोघंही मुंबई हायकोर्टाच्या बारमधले. सुनावणी ६८ दिवस. एवढ्या मजकुरातून न्यायमूर्ती निवड करतात. तेव्हा 'न्यायमूर्तींनी शोधलं' म्हणताना वकिलांचा वाटा विसरू नका. मूलभूत चौकटीची कल्पना तर त्याआधी डिट्रिश कॉनराड या जर्मन प्राध्यापकांच्या बनारसमधल्या १९६५ च्या व्याख्यानातून आधीच्या गोलकनाथ खटल्याच्या युक्तिवादात पोचली होती.

ओव्हल मैदान

तारखांकडे कोणी बघत नाही म्हणून लिहितो.

केशवानंदचा निकाल २४ एप्रिल १९७३. सरन्यायाधीश सिक्री दुसऱ्या दिवशी निवृत्त.
ओल्गा टेलिसचा (मुंबईच्या फुटपाथवासीयांचा) निकाल १० जुलै १९८५. सरन्यायाधीश चंद्रचूड दुसऱ्या दिवशी निवृत्त.
आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाचा निकाल ७ नोव्हेंबर २०२२. सरन्यायाधीश लळित दुसऱ्या दिवशी निवृत्त.

हा योगायोग नाही. सुप्रीम कोर्टात वय ६५ ला निवृत्ती (हायकोर्टात ६२). ऐकलेल्या खटल्याचा निकाल त्याआधी दिला नाही, तर त्या न्यायमूर्तींचं मत बाद होतं आणि बहुतेक वेळा सगळं पुन्हा ऐकावं लागतं. तेरा जणांचं पीठ दुसऱ्यांदा बसवणं किती अवघड ते कल्पून बघा. घाईत लिहिलेल्या निकालपत्रांत सूर जुळत नाहीत, आणि तुम्हाला जो अकरा निकालपत्रांचा गोंधळ दिसतो त्याला हेही एक कारण.

प्रभावाची दुसरी किल्ली रोस्टर. कुठला खटला कुठल्या पीठापुढे आणि पीठ कितीचं, हे सरन्यायाधीश ठरवतात. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर कलम १४५(३) प्रमाणे किमान पाच हवेत. पुढचा हिशोब साधा: लहान पीठाला मोठ्या पीठाचा निकाल मोडता येत नाही. शंका असेल तर प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवायचं. इंद्रा साहनी नऊ जणांचा आहे, तेव्हा तो बदलायला अकरा लागतील. आरक्षणाच्या वादात सारखी 'अकराच्या पीठाकडे पाठवा' अशी मागणी का होते ते यावरून कळेल. मत कितीही भक्कम असो, दोनच्या पीठावर बसून ते लिहिलं तर पुढच्या तीनच्या पीठापुढे त्याचं वजन शून्य.

आणि कारकीर्द. य. वि. चंद्रचूड सात वर्षांहून अधिक सरन्यायाधीश होते, आजवरची सर्वांत मोठी मुदत. १९९१ मध्ये के. एन. सिंग १७ दिवस. दोघांच्या प्रभावाची तुलना करताना बुद्धी बाजूला ठेवून आधी कॅलेंडर काढा.

गिरणगावकर

ओल्गा टेलिसचा उल्लेख निघालाच आहे, तर मुंबईच्या फुटपाथवरचा माणूस या सगळ्यात कुठे आहे तेही बघू.

१३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. भर पावसात झोपड्या पाडल्या, माणसं एसटीच्या गाड्यांत बसवली. प्रकरण हायकोर्टात आणि मग सुप्रीम कोर्टात गेलं. हायकोर्टात रहिवाशांच्या वतीने सांगितलं गेलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्ही मागत नाही. पालिका म्हणाली, आता शब्द फिरवता येणार नाही. चंद्रचूडांनी लिहिलं: मूलभूत हक्क असा कबुलीने सोडून देता येत नाही. पुढे ते सुप्रसिद्ध सूत्र आलं की उपजीविका हिरावली म्हणजे जगणंच हिरावलं, तेव्हा कलम २१ मधल्या जीविताच्या हक्कात उपजीविका येते.

इथवर सगळ्या नोट्स पोचतात. आदेशाची पानं मात्र कोणी उलटत नाही. मुंबई महापालिका कायदा १८८८ चं कलम ३१४ आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढू देतं. कोर्टाने ते कलम वैध ठरवलं. फक्त एवढं सांगितलं की ती मुभा आहे, हुकूम नव्हे, आणि सर्वसाधारणपणे म्हणणं ऐकूनच काढावं. मग या लोकांचं म्हणणं ऐकलं होतं का? नव्हतं. त्यावर उत्तर असं की ते आता सुप्रीम कोर्टानेच ऐकलं, म्हणून पुन्हा आयुक्तांकडे पाठवायची गरज नाही. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत हात लावू नका. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्या फुटपाथवासीयांना पर्यायी जागा द्या, पण जागा देणं ही हटवण्याची पूर्वअट नाही. वीस वर्षांहून जुन्या, सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्या सार्वजनिक कामासाठी जागा लागली तरच हटवा, आणि तेव्हा पर्यायी जागा द्या. याचिकाकर्ते हरले.

वाक्य मात्र जिंकलं. आजही तोडकामाच्या नोटिशीला उत्तर लिहिताना पहिला हवाला याच निकालाचा असतो. मला खटकतं ते एवढंच की हवाला देणारे सूत्र उचलतात आणि आदेश विसरतात. समोरचा वकील तयारीचा असेल तर तो आदेशच वाचून दाखवतो.

यापुढचा टप्पा १३ नोव्हेंबर २०२४ चा. न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्या पीठाने बुलडोझर प्रकरणात किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणं ऐकणं आणि कारणांसह आदेश सक्तीचे केले. मात्र त्याच निकालात स्पष्ट लिहिलं आहे की रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा यांवरच्या अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. ३९ वर्षांनी फुटपाथवाला पुन्हा बाहेरच.

चर्चगेट_स्लो

आभार. मतमोजणीचे तीन रकाने आजच पाडले, आणि खरंच सगळं जागेवर बसलं. संसदेचा प्रश्न तेवढा राहिला. आणि एकट्या पडलेल्या न्यायमूर्तींचा काय उपयोग? भिन्नमत तर कायदा नसतो ना?

कलमकसाई

नसतो. एडीएम जबलपूर, २८ एप्रिल १९७६. आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला हायकोर्टात दाद मागता येईल का? नऊ हायकोर्टं 'येईल' म्हणाली होती, सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ ने 'नाही' म्हटलं. एकटे खन्ना विरोधात. बहुमतात चंद्रचूड आणि भगवतीही होते, हे जनहित याचिकेवर उत्तर लिहिताना विसरू नका. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

ते मत कायद्यात उतरवलं कोणी? आधी संसदेनेच. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५९ बदललं. आता आणीबाणीतही कलम २० आणि २१ ची अंमलबजावणी थांबवता येत नाही. कोर्टाने आपला निकाल औपचारिकपणे मोडला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाच्या हक्काच्या नऊ जणांच्या निकालात. त्यातलं मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूडांचं, म्हणजे १९७६ च्या बहुमतातल्या चंद्रचूडांच्या मुलाचं. तेव्हा भिन्नमत हे पुढच्या पीठासाठी आणि संसदेसाठी ठेवलेला तयार मसुदा समजा. सय्यद फझल अलींचं (थॉमस खटल्यातले फझल अली वेगळे) गोपालन खटल्यातलं १९५० चं भिन्नमत, मूलभूत हक्क एकमेकांपासून सुटे वाचता येत नाहीत हे, १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात स्वीकारलं गेलं. वीस वर्षं लागली.

उलट दिशाही बघा. शाहबानो, एप्रिल १९८५, घटस्फोटित मुस्लिम महिलेच्या पोटगीचा निकाल. संसदेने १९८६ मध्ये वेगळा कायदा करून निकाल निष्प्रभ करायचा प्रयत्न केला. २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात कोर्टाने तो कायदा रद्द केला नाही, पण त्यातल्या 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' या शब्दांचा अर्थ असा लावला की घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याची सोय इद्दतीच्या (घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षेच्या) मुदतीतच करून द्यावी लागते. संसदेने शब्द लिहिले, अर्थ कोर्टाने ठरवला.

परिच्छेद ८१०

वाचायची पद्धत सांगतो, कारण चुका इथेच होतात. ई-एससीआर या संकेतस्थळावर सुप्रीम कोर्टाच्या अहवालातली निकालपत्रं फुकट मिळतात. सुरुवातीची हेडनोट, म्हणजे सारांश, वाचून थांबू नका. ती संपादकाची असते, न्यायमूर्तींची नव्हे. आधी शेवटचा आदेश वाचा, मग पीठाची संख्या, मग कोण कोणाशी सहमत आहे ते. त्यानंतर तुमचं वाक्य शोधा आणि विचारा: हे वाक्य काढून टाकलं तरी निकाल हाच लागला असता का? लागला असता, तर ते गाभ्याचा भाग नाही, प्रासंगिक मत आहे. बालाजीतल्या ५० ला ही चाचणी लावून बघा. ६८ टक्के रद्द करायला '६८ जास्त आहेत' एवढंच पुरेसं होतं. ५० म्हणायची गरज नव्हती.

आणि २०२२ विसरू नका. आर्थिक दुर्बलांच्या निकालात तीन विरुद्ध दोनच्या बहुमताने म्हटलं की ५० ची मर्यादा लवचीक आहे आणि ती जुन्या मागासवर्गीय आरक्षणापुरतीच आहे. विरोधात लळित आणि रवींद्र भट. म्हणजे गजेंद्रगडकरांचा 'ढोबळमानाने' साठ वर्षांनी परत आला, पण पीठ पाचचं, आणि इंद्रा साहनी नऊचा. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मराठा समाजासाठी केलेला १० टक्क्यांचा कायदा याच फटीत उभा आहे: जुने ५२, हे १०, आणि आर्थिक दुर्बलांचे १० वेगळे.

ओव्हल मैदान

एक पुरवणी. २०२१ च्या मराठा आरक्षण निकालात दोन वेगळे प्रश्न होते, ते एकत्र करू नका. ५० टक्क्यांवर पाचही जण एकमत होते. १०२ व्या दुरुस्तीनंतर मागासवर्ग ठरवायचा अधिकार राज्यांकडे राहिला का, यावर मात्र ३ विरुद्ध २ अशी विभागणी झाली. राज्यांकडे राहिला नाही, असं तिघं म्हणाले. तेवढा भाग संसदेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १०५ व्या दुरुस्तीने फिरवला. ५० ला हात लावला नाही.